अकरा पिल्लं, मुंगूस आणि खुराड्याची वही

बांधावरची बाभळ · ११ मे, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मी सेलू तालुक्यातली, जिल्हा परभणी. अडीच एकर रान, एकरभर विहिरीच्या पाण्यावर, बाकी कोरडवाहू. दोन म्हशी, एकोणतीस कोंबड्या, तीन कोंबडे. परवापर्यंत अकरा पिल्लंही होती, सतरा दिवसांची.

काल पहाटे डालगं उचललं तर आत खुडूक, म्हणजे अंडी उबवणारी पिल्लांची आई, एकटी. एका पायाला चावा, पिसं विस्कटलेली, आवाजसुद्धा काढत नव्हती. चार पिल्लं अर्धवट खाल्लेली, सात तर नाहीतच. डालग्याच्या एका कडेला माती उकरलेली. बांधावर मुंगसाची जोडी आहे, दुपारी हमखास दिसते. यजमान म्हणाले, हे त्यांचंच काम. आत्याबाई म्हणाल्या, "शनिवारी बसवू नको म्हणलं होतं मी." आता सतरा अधिक एकवीस असे अडतीस दिवस मागे मोजत बसावं लागेल तो शनिवार होता का ते बघायला. ते काही मी करणार नाही.

मी वही ठेवते, शंभर पानी. डाव्या पानावर आलेलं, उजव्यावर गेलेलं. डावं पान "अंडी ९", "अंडी ७", "अंडी ८, पाहुण्यांना ४" असं मुंगीच्या पावलानं भरतं. उजव्या पानावर काल एकाच ओळीत "पिल्लं ११" लिहिलं आणि डावीकडचा दोन महिन्यांचा हिशोब तिथंच बसला. कोंबड्यांचं असंच आहे का सगळ्यांकडे? येतं एकेक अंडं, जातं डालगंभर.

दुसरं म्हणजे आठ दिवसांपासून अंडी निम्म्यावर आलीत. येतात त्यांचंही कवच कागदासारखं. परवा एक उचललं तर अंगठाच आत गेला. इकडं पारा ४३ च्या खाली येईना.

तिसरं, लस. मागच्या पावसाळ्यात मानमोडीच्या रोगानं गल्लीतल्या कोंबड्या साफ केल्या होत्या. यंदा लस द्यायची म्हणते, तर बाटली येते शंभर डोसांची आणि फोडली की ठेवता येत नाही. बत्तीस पक्ष्यांसाठी शंभराची बाटली कशी फोडू?

गोदाकाठ · ११ मे, रात्री ११:०५

ताई, वाईट वाटलं वाचून. आमच्याकडं गंगाखेडला मागच्या साली कुत्र्यांनी भर दुपारी चौदा पाडल्या. खाल्ली एकच, बाकीच्या नुसत्या मारून टाकल्या. डालग्यावर आता भागत नाही, जाळीचं पक्कं खुराडं करा. आणि यजमानांना सांगा, मुंगसाच्या मागं लागू नका. मारणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि बांधावर मुंगूस असलेलं बरं असतं.

माळरान · १२ मे, सकाळी ६:१५

मुंगूस नाही. मुंगूस दिवसाचं जनावर, रात्री बिळात झोपतं. तुमची पिल्लं रात्रीत गेली.

रात्रीचे गिऱ्हाईक म्हणजे रानमांजर, उदमांजर, कुत्रं नाहीतर घूस. मांजर पिल्लू उचलून नेतं, माती उकरत बसत नाही. तुमच्या पोस्टमधलं "कडेला माती उकरलेली" हे वाक्य मला खटकलं.

आज संध्याकाळी चुलीची राख चाळा आणि खुराड्याभोवती हातभर रुंद पट्टा पसरा. सकाळी झाडायच्या आधी बघा. मांजराच्या ठशात नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या उमटतात. घुशीचं पाऊल बारीक असतं आणि बऱ्याचदा शेपटीची रेघ ओढत गेलेली दिसते. दाण्याचं पोतं कुठं ठेवता?

बांधावरची बाभळ · १२ मे, सकाळी ७:४०

खुराड्याला लागूनच. मका भरडा आणि ज्वारी. वर कडबा रचलाय.

माळरान · १२ मे, सकाळी ७:४२

मग राखेची गरज कमीच. तरी पसरा.

पानकणीस · १२ मे, दुपारी २:३०

मी पशुवैद्यक आहे, शिक्षण उदगीरला झालं, आता नांदेड जिल्ह्यात आहे. सावकाश लिहितो.

आधी कवचाचं. कोंबडीला घाम येत नाही. ऊन चढलं की ती चोच उघडी टाकून धापा टाकते. धापेबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पडतो, आणि कवचातल्या कॅल्शियम कार्बोनेटला लागणारा कार्बोनेट त्याच्यापासूनच तयार होतो. वरून उन्हात तिचं खाणं तुटतं. एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. दाणाच पोटात गेला नाही तर ते ती आणणार कुठून? काही दिवस हाडांतून काढते, मग कागदी अंडं घालते. म्हणजे तुमच्या कोंबड्या आजारी नाहीत, तापल्यात.

कवच बरंचसं रात्रीच्या वेळी चढतं. म्हणून शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीची बारीक खडी संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवा. दाण्यात कालवू नका, जिला लागेल ती खाईल, कोंबड्याला तर त्याची काहीच गरज नाही. दाणा पहाटे आणि दिवस कलल्यावर द्या. भर दुपारी टाकला तर पचनाची उष्णता उन्हात भर घालते. पाणी मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत, दुपारी दोनदा बदलून. तापलेलं पाणी कोंबडी पीत नाही, नुसती भांड्यापाशी उभी राहते, आणि आपल्याला वाटतं भांडं भरलेलं आहे. पत्र्याला चुना मारा, वर तुराट्या टाका. बाजूला ओलं गोणपाट लावा, पण वारा अडू देऊ नका. कोंदटलं तर ओल्या गोणपाटानं उलट जीव जातो.

आता लस. बाटली शंभराची म्हणजे कोंबड्या शंभर पाहिजेत, त्या सगळ्या तुमच्याच कशाला पाहिजेत? गल्लीतल्या सगळ्यांचा एक दिवस ठरवा. तसंही एकट्या घरानं लस देऊन उकिरडा एकच राहतो. शेजारच्या कोंबड्या पडल्या की रोग तुमच्या दारात आलाच. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौथ्या आठवड्यात पुन्हा. आठव्या आठवड्यात त्याच रोगाची आर टू बी लस, ती टोचायची असते, त्यासाठी दवाखान्यातलं माणूस बोलवा. गावरान पक्ष्यांना देवीची लसही द्यावी, डास चावून ती पसरते. लस बर्फाच्या थर्मासातून आणा, खिशातून नको. पातळ केली की दोन तासांच्या आत संपवा. मलूल बसलेल्या कोंबडीला देऊ नका. आणि काम पहाटे उरका.

हिरवी हगवण, पंख गळालेले, मान वळलेली दिसली की लसीची वेळ गेली असं समजा. त्यावर औषध नाही, मग गोळ्यांवर पैसे घालवू नका.

हिशोबी · १२ मे, रात्री ९:१०

कुणाला राग येईल, पण लिहितो. मी जालन्याकडचा. चार वर्षं एका कंपनीच्या करारावर ब्रॉयलर केले. पिल्लू त्यांचं, खाद्य त्यांचं, औषध त्यांचं. शेड, वीज, पाणी आणि राब आपला. किलोमागं ठरलेले पैसे. एका मे महिन्यात दुपारी वीज गेली, जनरेटरनं दगा दिला, चाळीस मिनिटांत साडेतीनशे पक्षी आडवे. खड्डा खणायला माणूस मिळेना, मी आणि बायकोनं खणला. पुढच्या दिवाळीला शेडमध्ये सोयाबीन भरलं.

तेव्हापासून मी कुठलाही धंदा एकाच प्रश्नानं तपासतो. ताई, तुमच्या वहीत तुमची मजुरी कुठं लिहिलीय? रोज दीड तास धरा. मग सांगा डावं पान जड की उजवं.

बांधावरची बाभळ · १२ मे, रात्री ९:५५

दादा, राग नाही आला. पण मजुरी लिहायची तर भाकरीचीही लिहावी लागेल, म्हशीच्या धारेचीही, आणि आत्याबाईंच्या गुडघ्याला तेल चोळण्याचीही. तेवढी वही आमच्या किराणा दुकानात मिळत नाही.

गंमत सोडा. कापसाचा पैसा यजमानांच्या खात्यात येतो आणि खताच्या दुकानात जातो. दुधाचा डेअरीच्या पट्टीवर फिटतो. अंड्याचा पैसा मात्र माझ्या डब्यात पडतो, कुणाला विचारावं लागत नाही. पोरीची सहावीची पुस्तकं, वह्या, दप्तर त्यातूनच आलं. तुमच्या तपासणीत हे कुठल्या रकान्यात बसतं ते तुम्हीच सांगा.

येळवस · १३ मे, सकाळी ८:००

आमी औशाकडले. ताई, पिल्लाचं दुख आमाला ठावं हाय. पन चुका आमच्या बी लई मोठ्या हायत्या, त्या सांगतो.

एक साल सोयाबीनचा भाव पार पडला. म्हनलं इकन्यापरीस कोंबड्यालाच घालावं, प्रथिनं असत्यात म्हनत्यात. दोन महिने कच्चं सोयाबीन भरडून घातलं. कोंबड्या वाळल्या, अंडी बंद. मग एका डॉक्टरनं सांगितलं, कच्च्या सोयाबीनमधी प्रथिनं पचू न देनारा घटक असतोय, चांगलं भाजल्याबिगर घालू ने. म्हशीची सरकी पेंड बी तसलीच. ती खाल्ली की अंड्याचा बलक हिरवट तपकिरी पडतोय. गिऱ्हाइकानं अंडी माघारी आनून दिली होती, लाज गेली.

दुसरी गोष्ट जरा बरी हाय. आमची एक लाल कोंबडी महिनाभर अंडं देईना. आई म्हनली, इकून टाका, नुसती खाऊलालीय. गिऱ्हाईक बी ठरलं. मधी येळवस आली. आमच्याकडं वेळ अमावस्येला येळवस म्हनत्यात, समदं गाव रानात असतंय. कोप मांडायला कडब्याची पेंडी उचलली तर खाली चौदा अंडी! बया लपून घालत होती. पान्यात टाकून बघितली, तीन तरंगली ती फेकली, बाकीच्याची भज्जीसंगं पोळी... म्हंजे आमलेट. सनाच्या दिवशी आई वराडली, पन पोरांनी ऐकलं न्हाई. कोंबडी अजून हाय.

उंबरठा · १३ मे, सकाळी १०:२५

सगळ्यांना नमस्कार. मी छत्रपती संभाजीनगरला नोकरी करतो, गाव फुलंब्रीकडे. वडिलोपार्जित दोन एकर आहे. व्हिडिओ बघून ५०० कडकनाथ टाकायचा विचार पक्का केलाय. कडकनाथची अंडी काळी असतात आणि एकेक पन्नासला जातं म्हणे. गावी एक गडी ठेवणार. मार्गदर्शन करावं.

गोदाकाठ · १३ मे, सकाळी १०:५०

गडी ठेवणार? मग गड्याच्या कोंबड्या होतील त्या.

पानकणीस · १३ मे, दुपारी १:१५

कडकनाथ झाबुआचा पक्षी, मध्य प्रदेशातला. २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मांस, हाडं, कातडी काळसर असते. अंडं मात्र काळं नसतं, फिकट बदामी असतं. काळं अंडं दाखवणारा तुम्हाला काहीतरी विकायला बसलाय.

सुरुवात पंचवीसनं करा. पशुसंवर्धनाच्या योजनेत २५ तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरण्या कोंबड्या) आणि ३ नर असा गट ५० टक्के अनुदानावर असतो, नाहीतर एकदिवसीय १०० पिल्लांचा. पहिल्यांदाच करणाऱ्यानं तलंगाच घ्याव्यात. एकदिवसीय पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. शेतावरची वीज रात्री दोनला गेली की पिल्लं ऊब शोधत एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. शेगडी ठेवाल तर धुराला वाट ठेवा, बंद खोलीतला कोळसा पिल्लांना आणि राखणदाराला दोघांनाही मारतो.

हिशोबी · १३ मे, दुपारी १:४०

माझ्या मेव्हण्यानं काही वर्षांपूर्वी म्हैस विकून असेच पैसे भरले होते. पिल्लं आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावानं परत घेऊ, असं सांगणारे होते. पहिले दोन महिने घेतलीही. मग फोन बंद. नाव लिहीत नाही. उंबरठा, विकत घेणारा तुमच्या गावापासून सायकलच्या अंतरावर आहे का, एवढं बघा.

बांधावरची बाभळ · १४ मे, सकाळी ७:०५

माळरान दादा, तुमच्या तोंडात साखर पडो.

पहिल्या रात्री राखेत काहीच नव्हतं, फक्त आमच्याच मांजरीचे ठसे. ती आत्याबाईंच्या पायाशी झोपते, आणि आत्याबाईंनी लगेच तिची बाजू घेतली. आज पहाटे मात्र पट्ट्यावर बारीक पावलं आणि मधोमध रेघ. थेट कडब्यापर्यंत. यजमानांनी कडबा हलवला तर दाण्याच्या पोत्याखाली हात जाईल एवढं बीळ, पोत्याला खालून भोक, आणि बिळाच्या तोंडाशी पिल्लांची पिसं.

म्हणजे घुशीला दाणा मीच घालत होते, वर घर बांधायला कडबाही दिला होता. मुंगसानं काय केलं? उलट घुशी खातं बिचारं. यजमान आता त्याच्याविषयी चकार शब्द काढत नाहीत. पण विषाची पुडी आणतो म्हणालेत.

माळरान · १४ मे, सकाळी ७:२०

विष अजिबात नको. तुमच्या कोंबड्या मोकळ्या फिरतात, आमिष त्याच टिपतील. मेलेली घूस मांजर खाईल, मुंगूस खाईल. पिंजरा लावा, आत तळलेल्या भज्याचा तुकडा. दाणा पत्र्याच्या पिंपात, झाकण लावून, खुराड्यापासून लांब. खुराड्याला अर्धा इंची वेल्डची जाळी लावा, फूटभर जमिनीत गाडा आणि आतून दगड भरा. षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, पण घुशीला बाहेर ठेवत नाही.

पूर्णाकाठ · १५ मे, रात्री ८:३०

उशिरा आलो धाग्यावर. घूस दिसते तरी. जानेवारी २०२१ मध्ये आमच्या परभणी तालुक्यात मुरुंब्याला कोंबड्या पटापट मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. आमचं गाव तिथून लांब, एकही कोंबडी शिंकली नव्हती, तरी अंड्याला गिऱ्हाईक नाही. त्याच्या आदल्या साली कोरोनाच्या अफवेनं असंच झालं होतं, लोक कोंबड्या फुकट वाटत होते. २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मरून पडले तेव्हा पुन्हा छातीत धस्स झालं.

माझं म्हणणं एवढंच, की दारात कावळे नाहीतर कोंबड्या एकदम मरायला लागल्या तर लपवू नका, उकिरड्यावर फेकू नका, हात न लावता दवाखान्यात कळवा. आमच्या शेजाऱ्यानं आठवडाभर लपवलं होतं. मानमोडीच निघाली शेवटी, पण तोवर तीन घरांत गेली होती.

उंबरठा · १६ मे, सकाळी ९:००

पंचवीस तलंगा घेतो. बायकोनं हा धागा वाचला आणि हसली. गडी रद्द, दर शनिवारी-रविवारी मी, बाकीचे दिवस आई. एक विचारायचं होतं: गावरान घ्यावी की गिरिराज, वनराज अशा सुधारित जाती?

येळवस · १६ मे, सकाळी ९:३०

दोन्ही मिळून. वनराज, ग्रामप्रिया अंडी जास्त देत्यात, पन सहसा खुडूक बसत न्हाईत. गावरान कोंबडी अंडी कमी देती, पन आई हाय ती. दुसऱ्याची अंडी बी उबवती. चार-पाच गावरान ठिवा.

बांधावरची बाभळ · २१ जून, रात्री ९:४५

धागा वर काढते, बऱ्याच जणांनी विचारलंय.

लसीचा दिवस झाला. नऊ घरं, एकशे बारा पक्षी. दवाखान्यातले दादा पहाटे सहाला आले, आठच्या आत सगळं उरकलं. कोंबड्या रात्रीच डालग्याखाली झाकून ठेवल्या होत्या, नाहीतर पकडण्यातच दिवस गेला असता. एक काकू आल्या नाहीत, म्हणे टोचलं की अंडी बंद होतात. दुसऱ्या दिवशी माझ्या दोन कोंबड्या खरंच मलूल होत्या आणि काकू मुद्दाम दारावरून गेल्या. तिसऱ्या दिवशी अंडी सुरू. मग मीही मुद्दाम त्यांच्या दारावरून गेले, टोपली घेऊन.

कवचाचा प्रश्न शिंपल्यांनी आणि चुन्यानं थोडा सुटला, बाकीचा मृगाच्या पावसानं. घुशी पिंजऱ्यात चार सापडल्या. कोंबडखत लिंबाच्या बुडाला ताजंच टाकलं होतं, झाडाची पानं करपली, ती चूक माझी. आता शेणात मिसळून कुजवते.

नवीन कटकट म्हणजे पाऊस. खुराड्यातला भुसा ओला होतोय, आणि दोन तलंगांच्या विष्ठेत रक्त दिसलं.

पानकणीस · २१ जून, रात्री १०:०५

रक्ती हगवण. भुसा आजच्या आज बदला, कोरडा टाका, रोज खालीवर करा. पाण्याचं भांडं विटेवर उचलून ठेवा म्हणजे सांडणार नाही. दवाखान्यातून पाण्यातून द्यायचं औषध मिळेल, पूर्ण दिवस द्या, बरं वाटलं म्हणून मध्येच थांबू नका. आणि बुरशी आलेला मका किंवा पेंड पावसाळ्यात चुकूनही घालू नका.

बांधावरची बाभळ · १४ जुलै, रात्री १०:३०

तलंगा वाचल्या. आखाड लागला तसे कोंबडे विचारायला माणसं यायला लागली. दोन गेले, वहीत आतापर्यंतची सगळ्यात मोठी ओळ डाव्या पानावर लिहिली. तिसऱ्यालाही चांगला भाव येत होता. तो एका पायानं लंगडा, पण पहाटे चारला आरवतो, आणि आत्याबाई त्याच्याच आवाजावर उठतात. विकू दिला नाही. त्यांचा मोबाइल आहे, गजर आहे, पण नाही.

आणि ती जखमी खुडूक पुन्हा बसली! बारा अंडी ठेवलीत, या वेळी आत्याबाईंनी वार निवडून दिला, मी गुमान ऐकलं. उद्या एकविसावा दिवस. जाळीच्या आत ठेवलीय. आज तिन्हीसांजेला अंड्याला कान लावला तर आतून टकटक आणि बारीकशी चिवचिव ऐकू आली. पोरगी जेवायला यायलाच तयार नव्हती.

हिशोबी · १५ जुलै, सकाळी ९:१५

किती निघाली?

बांधावरची बाभळ · १५ जुलै, सकाळी ११:५०

नऊ. दोन अंडी गारच आहेत. एकाला सकाळपासून आतून चोच लावलीय, पण कवच फुटेना. पोरगी म्हणते आपण सोलून देऊ, आत्याबाई म्हणतात हात लावायचा नाही. दोघी खुराड्यापुढं बसून आहेत. मी भाकरी टाकून येते.